चवीची वाटी

"सरकारला मी ठाऊक आहे का, असं विचारलं तिनं?"

"हो, बाबा."

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

बिडवे गुरुजी नदीकडे बघत राहिले. सांगण्यासारखं काही असतं तर ते इथे आलेच नसते.

बाबा घाटाच्या शेवटच्या पायरीवर उकिडवे बसले होते. एक पाय सुजून टम्म झाला होता, तो त्यांनी पाण्यात सोडला होता. मांडीवर मांजरपाटाची झोळी.

गावाबाहेर, नदीच्या वळणावर एका खोलीची मठी आहे, तिथे हे बाबा राहतात. चाळीस वर्षं झाली, मठीत चूल पेटलेली नाही. सकाळी पाच दारं मागायची, मिळेल ते घेऊन नदीवर यायचं, झोळी तीनदा पाण्यात बुडवायची आणि उरलेला ओला गोळा खायचा. चव लागू नये म्हणून. जिभेला चव लागली की पाय उद्या त्याच दाराकडे आधी वळतात, असं त्यांच्या गुरूनं त्यांना सांगितलं होतं. कुणी पुरणपोळी वाढो, कुणी शिळा तुकडा... बाबांच्या तोंडात दोन्ही सारखंच. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाच्या दारात "आज काय केलंय" म्हणून विचारलं नव्हतं.

बिडवे गुरुजींना हे सगळं थोतांड वाटायचं. वर्गात ते तसं बोलूनही दाखवायचे. पण अडला हरी... पुढची म्हण बाबांच्या समोर पुरी करणं बरं नाही.

"पहिल्यापासून सांगा," बाबा म्हणाले.

गुरुजींनी पहिल्यापासून सांगितलं.

शाळा चौथीपर्यंतची. मुलं एकतीस. गुरुजींनी त्यांना एक धडा स्वतःच तयार करून शिकवला होता, त्याचं नाव 'ताटाचा नकाशा'. भिंतीवर मोठा नकाशा, मधोमध ताटाचं चित्र, आणि ताटातल्या एकेका पदार्थापासून निघालेले रंगीत दोरे. तांदळाचा दोरा पूर्वेच्या धानाच्या बांध्यांपर्यंत. डाळीचा जवळच, शेजारच्या तालुक्यापर्यंत. हळदीचा, मिरचीचा. मिठाचा थेट समुद्रापर्यंत. पोरांना माती, बी, खळं, गिरणी, गोदाम सगळं तोंडपाठ होतं. या धड्याला जिल्ह्याचं पहिलं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, आणि गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात आपलंच एक वाक्य रंगवून घेतलं:

जे कुठून आलं ते ठाऊक नाही, ते तोंडात घालायचं नाही.

"चांगलं आहे," बाबा म्हणाले.

"तेच तर नडलं."

तिसरीत अंबिका नावाची मुलगी होती. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, ते आता पाडव्याला येणार. तोवर ती चुलतीकडे. चुलती वाईट नव्हती. पुढ्यात भाकरी सारायची आणि आपल्या कामाला लागायची, एवढंच.

गेल्या सोमवारी दुपारी खिचडी वाढल्यावर अंबिकेनं हात वर केला.

"गुरुजी, हे कुठून आलं?"

गुरुजी खूश झाले. तांदूळ कुठला, डाळ कुठली, सगळं सांगितलं.

"ते न्हाई. हे मला कुणी दिलं?"

"सरकारनं दिलं."

"सरकारला मी ठाऊक हाय का?"

पोरं हसली. गुरुजीही हसले. अंबिका हसली नाही. तिनं ताट खाली ठेवलं, भिंतीवरच्या निळ्या अक्षरांकडे एकदा बघितलं आणि हात धुऊन आली.

त्या दिवसापासून ती शाळेत जेवली नव्हती. रोज ताट घ्यायची, मांडीवर ठेवायची आणि घंटा होईपर्यंत बसून राहायची. गुरुजींनी समजावलं, रागावले, गोडीनं सांगितलं. चुलतीला बोलावलं. चुलती म्हणाली, घरीबी अर्धी भाकर खाती, तीबी धादा सांगितलं तर. चौथ्या दिवशी अंबिका प्रार्थनेत चक्कर येऊन पडली.

"आज सहावा दिवस," गुरुजी म्हणाले. "शनिवार अर्धी शाळा म्हणून सुटका. सोमवारी ती पुन्हा ताट घेऊन बसेल. आणि माझ्याकडे उत्तर नाही."

बाबा पाण्यातला पाय हलवत राहिले.

"तुम्ही आज काय जेवलात, गुरुजी?"

"मी? ...डबा."

"कुणाचा?"

"तालुक्याच्या गावी एक खानावळ आहे. साडेबाराच्या एसटीनं येतो."

"कोण करतं?"

"खानावळीत... असतात बायका."

"नाव?"

गुरुजींनी तोंड उघडलं आणि मिटलं.

पाच वर्षांपूर्वी बिडवेबाई गेल्या. तीन वर्षांपूर्वी गुरुजींची या गावी बदली झाली आणि तेव्हापासून हा डबा. खोलीचं दार लोटायचं, मोबाइल तांब्याला टेकवून उभा करायचा, आणि डबा संपवायचा. कधी संपला हेही कळायचं नाही. समोर कुणी नसलं म्हणजे जेवण लवकर आटोपतं, हा त्याचा एक फायदा. गुरुजी तो फायदा लोकांना हसत हसत सांगायचे आणि रात्री त्यांना झोप यायची नाही.

"उद्या रविवार," बाबा म्हणाले. "माझा पाय हा असा. उद्याची पाच दारं तुम्ही करा."

"मी?"

"तुम्ही."

"बाबा, मी शिक्षक आहे. या गावात मला मान आहे."

"असू दे की. झोळीत तो मावतो."

गुरुजींना राग आला. पण सोमवार डोळ्यांसमोर होता.

"काय म्हणायचं असतं दारात?"

"काहीच नाही. मुक्यानं उभं राहायचं. 'वाढा' नाही, 'पुरे' नाही. कुणी विचारलं तर उत्तर नाही."

"आभार तरी?"

"तेही नाही. आभार मानले की माणूस मोकळा होतो."

...

रविवारी सकाळी बिडवे गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून आणि खांद्याला झोळी अडकवून निघाले. वेशीपासून पहिल्या घरापर्यंत शंभर पावलं असतील. ती चालताना त्यांना बदलीचा अर्ज कसा लिहायचा ते सगळं सुचलं.

पहिलं दार प्रयागबाईंचं.

"कशाची वर्गणी, गुरुजी?"

गुरुजींनी झोळी पुढे केली. प्रयागबाईंनी झोळी ओळखली आणि पदर सावरला.

"बाबांचा पाय लईच सुजला म्हना की. थांबा."

तव्यावरची भाकरी काढून त्यांनी हातावर घेतली. एका कडेला करपली होती. ती त्यांनी स्वतःच्या टोपल्यात ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. गुरुजी तेवढा वेळ दारात उभे. कुणीतरी आपल्यासाठी भाकरी थापतंय आणि आपण नुसते बघतोय, असं त्यांच्या बाबतीत पाच वर्षांत घडलं नव्हतं. ती भाकरी त्यांच्यासाठी नव्हती, हे त्यांनी स्वतःला बजावलं.

दुसरं दार किसनअप्पांचं. म्हातारा एकटाच. ओट्यावर बसून जेवत होता. डोळ्यांना फारसं दिसत नाही, पण झोळी दिसली.

"घरात दुसरं काई न्हाई," किसनअप्पा म्हणाले आणि पुढ्यातली भाकरी चाचपून बरोबर मधोमध मोडली. "घ्या. बाबा, म्हणजे मी एकला जेवलो न्हाई, दोगं जेवलो."

तिसऱ्या घराचं दार अर्धं लोटलेलं होतं. आतून बाईचा आवाज आला.

"पुढं जा."

गुरुजी थांबले. ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा झोळी हलवली.

"पुढं जा म्हनलं की."

ते पुढे गेले. कान तापले होते. घरपट्टी थकलेल्यांच्या यादीत या घराचं नाव कितवं आहे हेसुद्धा त्यांना आठवलं, इतका राग आला.

चौथ्या घरी दुसरीतल्या दोन जुळ्या बहिणी अंगणात होत्या. त्या गुरुजींकडे बघत राहिल्या. मग एक आत ओरडली, "आई, गुरुजी भीक मागायलेत." आईनं येऊन तिच्या पाठीत हलकीच चापट दिली आणि पिठलं वाढलं. वाढताना मान खाली घातली. गुरुजींनीही घातली.

पाचवं दार शाळेमागच्या गल्लीत होतं. ते शेवंताबाईंचं आहे, हे गुरुजींना दारात उभं राहीपर्यंत माहीत नव्हतं. शेवंताबाई म्हणजे शाळेची खिचडी करणाऱ्या बाई. खरं सांगायचं तर त्यांचं नाव शेवंता आहे हेसुद्धा गुरुजींना वहीतल्या सहीमुळेच ठाऊक होतं. बोलताना ते "अहो मावशी" म्हणायचे, बघायचे दुसरीकडे.

शेवंताबाईंनी झोळीत भात घातला. त्यावर वरण. मग पळी हातात तशीच धरून उभ्या राहिल्या.

"गुरुजी, एक इचारू का? रागावू नगा."

गुरुजी मुके.

"तुमाला मीठ कितपत लागतं?"

गुरुजींना प्रश्न कळला नाही.

"न्हाई म्हनजे... रोज चवीची वाटी तुमच्या टेबलावर ठिवते. पोरांना वाढायच्या आदी गुरुजींनी चाखायची, तसा नेमच हाय. पर वाटी रोज तशीच वापस येती. वरनं वाळून, पापडी धरून. पयल्या साली वाटलं, तिखट जास्त होत आसंल. मिरची कमी केली. तरी वाटी तशीच. मग वाटलं, मीठ. मीठ कमी केलं. पुन्ना कमी केलं. आता तर नुसतं नावाला टाकते..."

त्या थांबल्या. पळीवरचं वरण बोटानं निपटलं.

"तरी तुमी खाईनात. वहीत मातर रोज 'चव चांगली' लिवता. माज्या नावाला बट्टा नगं म्हनून लिवत आसाल. तुमचे उपकारच हायत. पर एकदा सांगा तरी, कितपत टाकू?"

जन्मभर बोलण्याचा पगार घेतलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा खरोखर काही बोलायचं होतं. आणि आज त्याला बोलायची मुभा नव्हती.

साडेअकराला वाटी टेबलावर यायची. गुरुजी वही ओढायचे, 'चव चांगली' लिहायचे, सही ठोकायचे. वाटीला हात लावायचे नाहीत. डबा येणारच आहे, ही एक सबब. खरं कारण दुसरं होतं. कुणी वाढलेलं खाल्लं की वाढणाऱ्याकडे बघावं लागतं, कसं झालंय ते सांगावं लागतं. घरी रोज एक माणूस तसं विचारायचं. ते माणूस गेल्यावर गुरुजींनी ते दारच बंद करून टाकलं होतं.

शेवंताबाई उत्तराची वाट बघत होत्या.

गुरुजींनी हात जोडले. मग आठवलं, तेही चालत नाही. हात खाली घेतले आणि ते वळले.

...

बाबा पायरीवर कालच्याच जागी होते.

गुरुजींनी झोळी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. तोंडाला सुटी मिळाल्यावर ते थांबेचनात. वाटी, मिरची, मीठ, वही. तीन वर्षांची वही.

"एकदाही चाखलं नाही, बाबा. आणि ती बाई मीठ कमी करत गेली."

बाबांनी झोळीत हात घातला.

"ही प्रयागची."

"हो. कशावरून?"

"काठ जाड, मधे पातळ. तिच्या सासूचाही हात असाच होता." मग दुसरा तुकडा. "ही किसनअप्पाची. अर्धी."

"हो."

"म्हणजे आज तो अर्धपोटी." बाबांनी तो तुकडा कागदात गुंडाळला आणि बाजूला, कोरड्या दगडावर ठेवला. का, ते सांगितलं नाही. "तिसरं दार?"

"तिथे हाकललं. 'पुढं जा' म्हणाली."

"तिच्या भावकीतलं माणूस वारलं परवा, लातूरला. सुतकात भिक्षा घालता येत नाही."

"तसं सांगायचं होतं."

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मला बोलायची मनाई होती."

"तीन वर्षं नव्हती."



बाबांनी झोळीचं तोंड आवळून धरलं आणि ती पाण्यात बुडवली. एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा. पिठल्याची पिवळी तार पाण्यात लांबत गेली आणि दिसेनाशी झाली. झोळी निथळल्यावर त्यांनी त्यातला मूठभर गोळा गुरुजींच्या हातावर ठेवला.

"खा."

गुरुजींनी खाल्लं. गार, गिच्च, कशाचीच चव नसलेलं. आळणी. तीन वर्षं एकतीस पोरांनी जवळपास हेच खाल्लं, असं त्यांच्या मनात आलं.

"चव गेली," बाबा म्हणाले. "हात गेले का?"

गुरुजींनी मान हलवली. नाही. अजून तव्याशी वाकलेल्या प्रयागबाई दिसत होत्या, भाकरी चाचपणारी किसनअप्पांची बोटं दिसत होती. ते दिसू नये म्हणून त्यांनी डोळे मिटले, तर जास्तच दिसायला लागलं. त्यांना रडू आलं. घाटावर दुसरं कुणी नव्हतं म्हणून ते त्यांनी आवरलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "उद्या अंबिकेला मी काय सांगू?"

"पोर उपाशी आहे," बाबा म्हणाले. "तुम्ही मला कशाला विचारताय?"

...

सोमवारी साडेअकराला वाटी टेबलावर आली.

गुरुजींनी खिचडीचा घास घेतला. मग वाटी उचलून ते शाळेमागच्या स्वयंपाकाच्या पत्र्याच्या खोलीत गेले. तिथे ते आजवर तपासणीच्या दिवशीच गेले होते. धुरात शेवंताबाई पातेल्याशी उभ्या होत्या.

"शेवंताबाई."

त्या दचकल्या. वाटीकडे बघितलं. वाटी अर्धी रिकामी होती.

"मीठ कमी आहे," गुरुजी म्हणाले. "फार कमी आहे."

"टाकते."

"थांबा. तुमचं चुकलं नाही. मी चाखतच नव्हतो... तीन वर्षांत एकदाही नाही. लिहीत होतो तेवढंच."

शेवंताबाईंनी झाकण ठेवलं. हात पदराला पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"म्हनजे तीन वर्सं लेकरांनी आळणी खाल्लं."

"हो."

"आन् मी घरी जाऊन रोज इचार करायची, काय कमी पडतंय माज्या हाताला."

 माफी मागितली असती तर गुरुजींना बरं वाटलं असतं. पण मोकळं होण्याबद्दल बाबा काय म्हणाले होते ते आठवलं, आणि ते तसेच उभे राहिले. हे सहन करणं माफी मागण्यापेक्षा कठीण होतं.

शेवंताबाईंनी बरणीतून मूठभर मीठ घेतलं, पातेल्यात फिरवून टाकलं, ढवळलं, आणि पळीनं थोडी खिचडी वाटीत घालून वाटी पुढे केली.

"आता बगा."

गुरुजींनी बघितलं. "अजून थोडं," ते म्हणाले.

दुपारी पोरं रांगेत बसली. गुरुजी एक ताट घेऊन अंबिकेशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. पोरांनी एकमेकांना कोपरं मारली. एसटीनं आलेला डबा ऑफिसात तसाच होता.

पलीकडच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "आज खारट झालंय."

"खारट नाही," गुरुजी म्हणाले. "याला मीठ म्हणतात."

अंबिका ताट मांडीवर घेऊन बसली होती. डोळे खोल गेले होते. बराच वेळ तिनं गुरुजींच्या ताटाकडे बघितलं.

"तुमी जेवायलाव?"

"हो."

"हे कुणी दिलं?"

"शेवंताबाईंनी."

"त्येंला मी ठाऊक हाय का?"

'हो' म्हणणं सोपं होतं. गुरुजींच्या ओठावर ते आलंही होतं. पण ठाऊक नसलेल्या गोष्टीवर सही ठोकून ठोकून काय झालं ते सकाळीच कळलं होतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "त्यांनाच विचारू."

शेवंताबाई पळी घेऊन दारात आल्या. पोरगी काय म्हणते ते त्यांनी ऐकून घेतलं. वाकून अंबिकेच्या ताटात बघितलं.

"तू अंबी. कढीपत्ता काडून ताटाच्या कडेला लावतीस, येका रांगेत. वाटाणे शेवटाला खातीस, मोजून मोजून. दिवाळीच्या आदी दोनदा मागून घ्यायचीस, आई गेल्यापून येकदाच घेतीस." त्यांनी कंबरेवर हात ठेवला. "सगळ्यांची ताटं मीच घासते. मला न्हाई ठाऊक व्हनार तर कुनाला?"

अंबिका त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं ताटातला कढीपत्ता उचलला आणि कडेला लावला. दुसरं पान. तिसरं. रांग पूर्ण झाल्यावर तिनं पहिला घास घेतला.

"हळूहळू खा," शेवंताबाई म्हणाल्या. "आठवड्याचं उपाशी पोट हाय. वाढते नंतर."

गुरुजी खाली मान घालून जेवत होते. वर बघायची सोय नव्हती, वर्गासमोर शिक्षकाचे डोळे असे बरे दिसत नाहीत.

वाटाण्यांवर आल्यावर अंबिका थांबली.

"गुरुजी, तुमचा डबा कोन करतं?"

"...ठाऊक नाही."

"त्येंला तुमी ठाऊक हाव का?"

गुरुजींनी मान हलवली. नाही.

अंबिकेनं त्यांच्याकडे बघितलं. आठवडाभर ते तिच्याकडे जसे बघत होते, तशीच बघत राहिली. मग घंटा झाली.

...

संध्याकाळी ऊन उतरल्यावर गुरुजी नदीवर गेले. हातात काही नव्हतं. डबा त्यांनी परतीच्या एसटीनं तसाच लावून दिला होता, झाकणावर चिठ्ठी चिकटवून: आपलं नाव काय? खाली स्वतःचं नाव लिहिलं होतं.

बाबा पायरीवर होते. सूज जराशी उतरली होती.

"जेवली," गुरुजी म्हणाले.

बाबांनी मान डोलावली.

"दोनदा घेतलं."

पुन्हा मान.

गुरुजी एक पायरी वर बसले. समोर पाणी संथ वाहत होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी हाकत घरी चाललं होतं, त्याचा आवाज इथवर येत होता. घरी जाणाऱ्या माणसाचा आवाज. 

"तिचा प्रश्न सुटला, बाबा. पण जाताना तोच ती मला देऊन गेली."

"हं."

"साऱ्या जिल्ह्याला मी नकाशा दाखवला. माझ्या ताटापासून निघालेला दोरा मात्र खोलीच्या दारापर्यंतसुद्धा जात नाही."

 बाबांनी शेजारच्या दगडावरचा कागद उचलला आणि उलगडला. आत कालचा तुकडा होता. किसनअप्पांची अर्धी भाकरी. वाळून कडक झालेली, पण पाणी न लागलेली.

त्यांनी तिचे दोन भाग केले. एक गुरुजींच्या हातात दिला. दुसरा स्वतःच्या तोंडाकडे नेला.

"बाबा," गुरुजी घाईनं म्हणाले, "बुडवायची राहिली."

"राहिली."

"तुमचा नेम... चाळीस वर्षांचा..."

बाबांनी तुकडा तोंडात टाकला.

ते सावकाश चावत होते. दात थोडेच उरले होते, वेळ लागत होता. गुरुजींनीही आपला तुकडा खाल्ला. ज्वारीचा गोडवा, तव्याचा किंचित कडसरपणा, आणि मागून हळूच येणारं मीठ.

बाबा चावता चावता थांबले. घास तसाच गालात धरून नदीकडे बघत राहिले... जीभ आतल्या आत फिरत होती, काहीतरी शोधत असल्यासारखी. भुवया जवळ आल्या. त्यांनी घास गिळला, दुसरा घेतला, पुन्हा थांबले.

मग ते गुरुजींकडे वळले. इतक्या वर्षांत कुणी त्यांचा चेहरा असा बघितला नसेल.

"गुरुजी," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मीठ आहे का हो यात?"